कोकणात डॉगवूड लावता येईल का? आणि वसंतात आपल्या दारी काय फुलतं?

पाणंद, १८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार. प्रश्न शेवटी आहे, पण आधी थोडं सांगते, नाहीतर मी हे का विचारतेय ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये लेकीकडे व्हर्जिनियात होते. गेले तेव्हा सगळं रान उघडंबोडकं. आपल्याकडे सावर, पांगारा पानं टाकतात, पण शेजारी आंबा-फणस हिरवागार असतोच. तिथे नजर जाईल तिथवर नुसत्या काटक्या. मन उदास व्हायचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेक मला घरामागच्या पायवाटेने घेऊन गेली, आणि त्या उंच काटक्यांच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, पांढरं काहीतरी तरंगताना दिसलं. आडव्या, मजल्यामजल्यांच्या फांद्या आणि प्रत्येक फांदीवर आभाळाकडे तोंड करून बसलेली फुलं. खालून बघितलं तर फारसं कळत नव्हतं. जरा चढावर जाऊन वरून बघितलं तर आख्खी फांदी पांढरी. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पंचे वाळत घातलेत असं वाटलं.

लेक म्हणाली, हे डॉगवूड. व्हर्जिनियाचं राज्यपुष्पही हेच आणि राज्यवृक्षही हाच. चार मोठ्या पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाच, आणि खाचेशी तपकिरी-गुलाबी डाग, जणू कुणी नखाने खुडून बघितलंय. मधोमध हिरवट-पिवळ्या बारीक कळ्यांची गुंडी. मी सवयीने नाक लावलं. वास जवळजवळ नाहीच.

सोबत नात होती, सहा वर्षांची. तिने विचारलं, "आजी, तुझ्याकडे पण हे झाड आहे?" मी म्हटलं, नाही गं. ती पुढे पळाली, मी तिथेच उभी राहिले. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण मुलाच्या प्रश्नाला नुसतं 'नाही' म्हणून मोकळं होणं मला कधी जमलेलं नाही.

आता लेक आणि नात मे महिन्यात येताहेत. लेकीने शरदात झाडाखालची लाल फळं वेचून, बिया धुऊन ठेवल्यात. आमची वाडी वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याजवळ, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटरवर. जांभ्याची माती, विहिरीला मेपर्यंत पाणी. बी रुजेल का? झाड झालंच तर फुलेल का? आणि नाहीच जमलं, तर वसंतात आपल्या दारी असं काय फुलतं जे मी तिला हात धरून दाखवू शकेन? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

रानभूल, १८ फेब्रुवारी, रात्री ११.१५

पाणंदताई, फार छान लिहिलंत. उत्तर सरळ देतो. लावू नका.

मातीचा प्रश्नच नाही. डॉगवूडला आम्लधर्मी, निचऱ्याची माती लागते आणि आपली जांभ्याची माती तशीच आहे. घोडं अडतं ते थंडीपाशी. याची फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते, हिवाळाभर झोपते आणि शेकडो तास कडक गारठा अंगावरून गेल्याशिवाय जागी होत नाही. बीचंही तेच. ओल्या वाळूत घालून तीन-चार महिने फ्रीजमध्ये ठेवलंत तर रुजेलही, पण ते रोप शिरोड्याच्या डिसेंबरला हिवाळा मानणार नाही. दापोलीला 'मिनी महाबळेश्वर' म्हणतात, तिथला गारठाही त्याला पुरायचा नाही. वर आपला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. चार महिने मुळाशी पाणी आणि पानं ओली, म्हणजे बुरशीला आवतण.

आणि बिया पर्समध्ये टाकून आणू नका, ही हात जोडून विनंती. परदेशातून बी-रोपं आणायची तर २००३ चा प्लँट क्वारंटाइन आदेश लागू होतो. आयातीचा परवाना हवा आणि तिकडच्या सरकारी खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र हवं. बीसोबत काय येईल हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नियम आहे.

आता त्या फुलाविषयी. तुम्ही ज्या चार पाकळ्या पाहिल्यात, त्या पाकळ्या नव्हेतच. ती फुलांखालची पानं, शास्त्रात त्यांना छदं म्हणतात. खरी फुलं म्हणजे मधली ती गुंडी. वीसेक फुलं असतात तिच्यात आणि प्रत्येकाला चार इवल्या पाकळ्या. हिवाळ्यात हीच चार छदं मिटून कळीवर टोपण घालतात. वसंतात ती बुडाकडून वाढत जातात आणि थंडीत करपलेलं जुनं टोक तसंच राहतं. तुम्हाला नखाने खुडल्यासारखी वाटलेली खाच ती हीच. हिवाळ्याची खूण म्हणा ना.

असली फुलं आपल्या ओळखीची आहेत. बोगनवेलीचा रंग छदांचाच, फूल म्हणजे आतली बारीक पांढरी नळी. पावसाळ्यात रानात भुतकेस फुलतो, त्याचं ते पांढरंशुभ्र 'पान' म्हणजे फुलाच्या निदलाची (पाकळ्यांखालच्या वाटीची) एक पाळी मोठी झालेली, आणि खरं फूल चिमुकलं नारिंगी. कीटकाला लांबून दिसावं यासाठी प्रत्येकाने आपापली वाट काढली आहे. नातीला बोगनवेल हातात देऊन दाखवा, तिला लगेच कळेल.

निळीशाई, १९ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

मी चौदा वर्षं नॉर्थ कॅरोलिनात राहते, मूळची मालवणची. इथेही डॉगवूड राज्यपुष्प आहे, १९४१ पासून. माझ्या घरासमोर दोन आहेत. आत्ता त्यांच्यावर पान नाही, पण प्रत्येक डहाळीच्या टोकाला शर्टाच्या बटणासारखी चपटी राखाडी कळी आहे. रानभूल म्हणतात ती झोपलेली कळी हीच.

एप्रिलमध्ये ही झाडं फुलायच्या सुमाराला, थंडी संपली असं वाटत असतानाच चार दिवस पुन्हा गारठा पडतो. इथली जुनी माणसं त्याला 'डॉगवूडचा हिवाळा' म्हणतात आणि तो सरेपर्यंत टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर लावत नाहीत. मला तेव्हा आमच्या आजीची आठवण येते. ती कावळ्याचं घरटं कुठल्या फांदीवर आहे ते बघून पावसाचा अंदाज बांधायची.

लाकूडही विलक्षण. कठीण, घट्ट, आणि घासलं की काचेसारखं गुळगुळीत होतं. सुताला ओरखडा जात नाही, म्हणून कापडगिरण्यांतले धोटे या लाकडाचे करत. माझे आजोबा गिरणगावात साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. हे वाचलं त्या दिवशी मी खाली जाऊन झाडाच्या खोडावर हात ठेवून आले. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्यांची.

रानभूल यांच्या बी न आणण्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. १९७० च्या दशकापासून एका बुरशीने इथल्या डोंगरांतली असंख्य डॉगवूड मारली. आधी सावलीतली, ओढ्याकाठची, दमट जागची गेली. ती बुरशी बाहेरूनच आली असावी असं मानतात. डोंगरात एक जुनी पायवाट आहे, तिथे आधी दोन्ही बाजूंनी पांढरं दिसायचं असं शेजारच्या म्हाताऱ्या बाई सांगतात. मी गेले तेव्हा दोन झाडं होती.

एक छान गोष्टही आहे. १९१२ मध्ये टोकियोच्या महापौरांनी, युकिओ ओझाकींनी, वॉशिंग्टनला तीन हजारांवर चेरीची झाडं भेट पाठवली. ती तुम्ही पाहिलीही असतील. १९१५ मध्ये अमेरिकेने परतभेट पाठवली, ती डॉगवूडची.

कातळवाट, १९ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

रत्नागिरीहून. ताईंना रान उजळणारंच झाड हवं असेल तर गुलाबी टॅबेबुया लावा. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये काय दिसतात ती झाडं! पानं कमी, फुलंच फुलं. रोपवाटिकेत सहज मिळतं आणि थोड्या वर्षांत फुलतं. मी स्वतः दोन लावलीत.

आरवलीची_लेक, १९ फेब्रुवारी, दुपारी १.२०

कातळवाटदादा, राग मानू नका. टॅबेबुया सुंदरच आहे. पण तोही अमेरिका खंडातलाच, आणि शिरोड्याच्या बाईने वसंत शोधायला रोपवाटिकेत जावं हे मला पटत नाही. पाणंदताई, आरवली-आसोली तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आत्ता या घडीला तिथे सुरंगी फुललीय. तुम्हाला हे ठाऊक असणारच. आपण ते इतकं रोजचं धरलंय की प्रश्नाच्या उत्तरात आपल्याला ते आठवत नाही.

सुरंगीचं झाड वर्षभर कुणाच्या नजरेत भरत नाही. गर्द हिरवी, जाड, चामड्यासारखी पानं आणि दाट सावली. फेब्रुवारी लागला की पानांच्या आत, जुन्या फांद्यांच्या गाठींवर, जिथलं पान केव्हाच गळून गेलंय, तिथे मोत्यांसारख्या गोल कळ्यांचे झुबके फुटतात. लांबून झाड हिरवंच. खाली जाऊन मान वर केली की फांद्या पांढऱ्या-पिवळ्या. तुमचं डॉगवूड वरून बघायचं झाड, हे खालून बघायचं.

त्याही आधी ते कानाला कळतं. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला झाडाखाली उभं राहा, मधमाश्यांचा असा घुमारा असतो की देवळात लांबून कुणी तंबोरा लावलाय असं वाटावं. आणि वास! वाऱ्यावर पाणंदीच्या तोंडापर्यंत येतो. पाणंदीतून शाळेत जाताना आम्ही वासावरून ओळखायचो, आज कुणाचं झाड फुटलं.

माझ्या आईचा दिवस या दोन महिन्यांत पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कळी उमलायच्या आत काढायची, हा सगळा खेळ. ऊन चढलं की कळी फुटते, चार पांढऱ्या पाकळ्या मागे पडतात आणि पिवळ्या केसरांचा गोंडा मोकळा होतो. ते फूल बघायला सुरेख, पण वळेसाराला, म्हणजे कळ्यांच्या गजऱ्याला, चालत नाही, हाताळलं की विस्कटतं. म्हणून बाबा बॅटरी घेऊन झाडावर, आम्ही खाली साड्या पसरून, आणि उजाडताना आई ओटीवर केळीचं सोप भिजवून गुंफायला बसलेली. कळी कळीला टेकली पाहिजे, मधे बोट शिरता कामा नये. दहाच्या आत वळेसार शिरोड्याच्या बाजारात. शिमग्याला आणि लग्नसराईत ते पुरायचे नाहीत.

उरलेली फुलं अंगणात वाळायची. सुकी कळी न्यायला व्यापारी दारात येतात. आयुर्वेदाच्या बाजारात ती 'लाल नागकेसर' नावाने जाते. खरा नागकेसर वेगळा, पण दोघांचं कुळ एक. समुद्राकाठची उंडीही त्याच कुळातली. पूर्वी या कळ्यांनी रेशीम रंगवत. आणि सुकल्यावरही वास जात नाही, ही सुरंगीची खरी श्रीमंती. आईच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत एक वळेसार आहे, काळपट पडलेला, हात लावला तर भुगा होईल असा. ट्रंक उघडली की अजून कळतं.

ताई, नातीला हे द्या. फक्त मेमध्ये बहर नसेल. या वर्षी तिच्यासाठी सुकी सुरंगी ठेवा.

खाडीपलीकडे, १९ फेब्रुवारी, रात्री ८.५०

आरवलीचे लेकी, बरा लिवलंस गो. डोळ्यांत पाणी इला.

माझ्या बापाशीन चाळीस वर्सां सुरंगी काढल्यान, मगे मी. ह्या काम सोप्या न्हय. झाड सरळ उंच जाता आणि फांदी दिसता तितकी घट नसता. काळोखात पाय खय ठेवतंय ता हाताक कळाक होया. एकदा पडलंय, हात मोडलो, दोन म्हयने घरात. आता वाडीत चडणारो माणूस गावणा नाय. झीलगे मुंबयक नायतर गोव्याक. चडणारो नाय म्हणान फुला तशीच पडान जातत, फुला जातत म्हणान झाड फुकट वाटता, आणि मगे कोणतरी लाकडाक इकता. आमच्या वाडीत सात झाडां होती, आता तीन रवली. थयसर काजी लायल्यानी.

पाणंदताय, तुमच्या जाग्यात सुरंगी नसात तर लाया. बियेचा झाड फुलाक लय वर्सां घेता, कलम लाया. कलम आता गावतत.

पाणंद, २१ फेब्रुवारी, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. बियांचा विचार सोडला. लेकीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली तिथेच परत मातीत टाकते.

काल आसोलीला जाऊन आले. आरवलीची_लेक, तुम्ही लिहिलंत तसाच घुमारा ऐकला. इतकी वर्षं वळेसार माळले, पण झाडाखाली शेवटची कधी उभी राहिले होते ते आठवेना. तिथल्या एका काकूंनी ओंजळभर कळ्या दिल्या, पैसे घेईनात. त्या सुकवतेय. खाडीपलीकडे, सुरंगीचं कलम लावणार, ठरलं.

तरी एक राहतंच. मला आठवतं ते उघड्या फांदीवरचं पांढरं फूल. पान नाही, काही नाही, आणि एकदम फुलं. नातीच्या डोळ्यांसमोर तेच चित्र असणार. आपल्याकडे सावर आहे, पांगारा आहे, पळस आहे, पण ती सगळी लाल-केशरी. पांढरं, पानांआधी फुलणारं कुणी आहे का?

रानभूल, २१ फेब्रुवारी, रात्री १०.४५

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारावा अशी माझी फार इच्छा होती.

आहे. आणि ते नुसतं डॉगवूडसारखं नाही, त्याच्या कुळातलंच आहे. अंकोल. पूर्वी अंकोलाचं कुळ वेगळं मानत. जनुकांचा अभ्यास झाल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला डॉगवूडच्याच कुळात, कॉर्नेसीत, आणून बसवलं. म्हणजे लिनिअसने १७५३ मध्ये ज्याचं नामकरण केलं ते तुमच्या लेकीच्या घरामागचं डॉगवूड, आणि आपल्या कातळाच्या कडेला, गडग्यात, देवराईच्या काठाला कुणी न लावता उगवणारा अंकोल, हे भाऊबंद आहेत.

ओळखायचा असा. मध्यम उंचीचं, वेडंवाकडं झाड, बऱ्याच डहाळ्यांचं टोक काट्यासारखं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पानं गळालेली असताना, किंवा नवी पालवी नुकती फुटत असताना, जुन्या लाकडावर फुलं येतात. कळी लांबट, बारीक कांडीसारखी. ती फुटली की पाच ते दहा अरुंद पांढऱ्या पाकळ्या मागे वळून गुंडाळतात आणि मध्ये केसरांचा झुबका उभा राहतो. या खऱ्या पाकळ्या बरं का, डॉगवूडसारखी छदं नव्हेत. आणि डॉगवूडकडे जे नाही ते याच्याकडे आहे, गोड वास. सकाळी सूर्यपक्षी आणि मधमाश्या येतात. उन्हाळ्यात जांभळट-काळी फळं धरतात, डोक्यावर निदलाचा छोटा मुकुट, आत एकच बी. बुलबुल तुटून पडतात.

तुमच्या जागेत गडगा असेल तर उद्या सकाळी एक फेरी मारा. लोक याला काटेरी झुडूप समजून दरवर्षी छाटतात, मग त्याला फुलायला जुनं लाकूडच उरत नाही.

सडाफटिंग, २२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

रानभूल, भाऊबंदांत एकाची भर घालतो. हिमाचल आणि उत्तराखंडात हिमालयातलं डॉगवूड आहे. साधारण दीड-दोन हजार मीटरवर मी मे-जूनमध्ये पाहिलंय, फिकट पिवळसर छदांनी झाड भरून जातं. तिकडे भमोर म्हणतात. फळ लालभडक, स्ट्रॉबेरीसारखं दिसतं, मुलं खातात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, पण तिथेही हिमालयाचा हिवाळा कुठून आणणार? त्यामुळे कोकणापुरतं अंकोलच खरं.

कातळवाट, २२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

अंकोल माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या सड्यावर आहेत, आम्ही कुंपणाला त्याचेच काटे टाकतो. आज जाऊन बघतो. आरवलीची_लेक, राग कसला, तुमचं म्हणणं पटलं. टॅबेबुया काढणार मात्र नाही, लेकाने लावलेत.

पाणंद, २२ फेब्रुवारी, सकाळी ११.५५

सापडला!

हात थरथरताहेत म्हणून आधी बसून पाणी प्यायले. विहिरीच्या वरच्या अंगाला, शेजाऱ्यांच्या आणि आमच्या हद्दीवरच्या जांभ्याच्या गडग्यात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ते झाड तिथे आहे. दर दिवाळीनंतर गडी कुंपण साफ करतो तेव्हा ते कंबरेएवढं छाटून चुलीला लावतो. दोन वर्षं गडी आला नाही, म्हणून ते वाढलं. खालच्या फांद्यांवर काही नाही. पण गडग्यावर चढून पलीकडची फांदी बघितली तर पान एकही नाही आणि फांदीभर पांढरं. पाकळ्या अगदी रानभूल म्हणाले तशा मागे वळलेल्या. वास मोगऱ्याचा नाही, सुरंगीचाही नाही. हलका, गोड, जवळ गेल्यावरच कळणारा.

आमचे हे रोज सकाळी स्तोत्रं म्हणतात. 'अंकोल' ऐकल्यावर म्हणाले, हे तर शिवानंदलहरीत आहे. अंकोलाच्या बिया जशा आपल्याच झाडाला येऊन चिकटतात, सुई जशी चुंबकाकडे जाते, तसं मन ईश्वरचरणी लागावं, असा दृष्टांत आहे म्हणाले. चाळीस वर्षं हे म्हणत आले आणि ते झाड आमच्याच गडग्यात होतं. आम्ही दोघंही बराच वेळ तिथे उभे होतो. लेक सातासमुद्रापलीकडे असलेल्या आईबापांना त्या दृष्टांतात काय ऐकू येतं ते लिहीत नाही.

रानभूल, खरंच बिया परत झाडाला लागतात का हो?

रानभूल, २२ फेब्रुवारी, दुपारी २.१०

अभिनंदन, ताई! फार आनंद झाला.

बिया झाडावर परत चढताना मी पाहिलेल्या नाहीत. पण जुन्या अंकोलाच्या पायथ्याशी, त्याच्याच मुळांच्या खोबणीत रुजलेली रोपं मात्र अनेकदा पाहिली आहेत. तुमच्या झाडाखाली पाचोळा हलक्या हाताने बाजूला करून बघा. सापडलं तर पावसाळ्यात मातीच्या गोळ्यासकट उचलून हवं तिथे लावता येईल.

गड्याला फक्त एवढं सांगा, की हे झाड सोडून बाकी कुंपण साफ कर.

खाडीपलीकडे, २२ फेब्रुवारी, रात्री ८.१५

आमच्या आजयेच्या वेळार कुत्रो चावलो की अंकोलाच्या मुळाची साल उगाळून देयत. तितको त्या झाडाक मान होतो.

सिस्टरबाई, २२ फेब्रुवारी, रात्री ९.३०

खाडीपलीकडे काका, तुम्ही जुनी आठवण म्हणून सांगितलंत, पण कुणी वाचून करून बघेल म्हणून लिहिते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात अठरा वर्षं काम केलंय. कुत्रा चावला तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस हाती लागत नाही. मुळी उगाळण्यात गेलेला दिवस परत येत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खाडीपलीकडे, २२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

बरोबर सांगलास बाय. कोणी करू नका. इंजेक्शनच घेवा.

आरवलीची_लेक, २ मार्च, सायंकाळी ६.२०

हा धागा वाचून आमच्या वाडीतल्या चार बायका काल गडगे बघत फिरलो. अंकोल दोन सापडले. वाटेत वायवर्ण दिसला, पांढऱ्याचा पिवळा होत चाललेला. अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गोंडे लागलेत, ओवळी अजून थांबलीय. ओढ्याकाठी तामणाला नवी पालवी आलीय. पाणंदताई, आपलं राज्यपुष्प तामण, आणि ते एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं. म्हणजे तुमची नात येईल तेव्हा तेही असेल. तिच्या व्हर्जिनियाचं राज्यपुष्प तिने दाखवलं, तुम्ही महाराष्ट्राचं दाखवा.

पाणंद, १९ मे, रात्री १०.०५

उशिरा लिहितेय. लेक आणि नात आल्यात.

पहिल्याच सकाळी नातीला गडग्यापाशी नेलं. फुलं अर्थात संपलीत, झाड पानांनी भरलंय. पण मार्चमध्ये फुललेल्या फांदीचा फोटो छापून ठेवला होता, तो तिच्या हातात दिला आणि सांगितलं, हे तुझ्या घरामागच्या झाडाचं कोकणातलं भावंड. तिने फोटो बघितला, झाड बघितलं, आणि म्हणाली, "मग याच्या फुलाला खाच का नाही?" मला रानभूल यांचं वाक्य आठवलं. म्हटलं, बाळा, इथे तेवढा हिवाळा नसतो. मग पिकलेलं एक फळ फोडून बी दाखवली. ती तिने मुठीत धरली ती जेवणापर्यंत सोडली नाही. परत नेऊ नकोस, इथेच लावू, हेही समजावलं. तिकडचं बी इकडे नाही तसं इकडचं तिकडे नाही, हे तिला लगेच पटलं.

तामण ओढ्यावर दाखवलं. सुकी सुरंगी तिच्या फ्रॉकच्या खिशात आहे, दर थोड्या वेळाने हुंगते.

झाडाखाली पाचोळ्यात अंकोलाची तीन रोपं सापडली. दोन तिथेच ठेवतेय, एक अंगणाच्या कडेला आणणार. सुरंगीच्या कलमासाठी विहिरीच्या खालच्या अंगाला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तेवढाच खोल खड्डा मारून उन्हात तापत ठेवलाय. खाडीपलीकडे, पुढे काय करायचं ते सांगा. नात इथे जूनच्या दहा तारखेपर्यंत आहे, तिच्या हाताने लावायचं आहे.

खाडीपलीकडे, २० मे, सकाळी ६.४०

खड्डो बरो मारलास. तळाक पालोपाचोळो घाला, वर शेणखत आणि वरची माती मिसळून भरा, जमनीच्या वर वीतभर उंच ठेवा, पावसात बसता. वाळवी बगा. दोन-तीन बरे पाऊस पडले की लाया. पाऊस लांबलो तरी नात जावच्या आदी लाया आणि हातान पाणी घाला. कलमाचो जोड मातीत जावक देव नको. जोडाच्या खाली फुटवो इलो तर लगेच काढा. पयली दोन वर्सां उन्हाळ्यात माडाच्या झावळ्यांची सावली करा.

कळी धरली की माका कळवा. शिडी माझ्याकडे असा.